माघारी बघू नको

राजारामपुरी, कोल्हापूर
९ सप्टेंबर २०२५

दादा,

काल तुझा क्षमावाणीचा मेसेज आला. 'उत्तम क्षमा. कळत नकळत आपले मन दुखावले असल्यास...' आणि वर तुझा फोटो. कोट घालून, बोट वर करून. क्षमा मागणारा माणूस हात जोडतो की रं, बोट काय दाखवतोस?

मी उत्तर पाठवलं, एकच शब्द. 'कशाची?' लगेच तुझ्याकडून आलं, 'धन्यवाद! आपला दिवस प्रेरणादायी जावो. टीम वृषभ.' मी परत लिहिलं, 'मी स्नेहल, तुझी सख्खी बहीण.' परत तेच, धन्यवाद आणि प्रेरणादायी. म्हणून हे पत्र लिहितेय. शुद्ध लिहायचा प्रयत्न करते, पण राग आला की गावाकडचं, कोडोलीचं तोंडात येतं, ते चालवून घे.

'कशाची?' हे तू विसरला असशील. दशलक्षण पर्व संपलं की आपली सगळी जैन गल्ली एकमेकांच्या दारात जाऊन 'उत्तम क्षमा' म्हणायची आणि समोरचा 'उत्तम क्षमा' म्हणाला की मोकळी व्हायची. आपल्या घरात एवढ्यावर सुटका नव्हती. अक्काताई उंबऱ्यात बसायची. आपली आई ती, पण अख्खं गाव अक्काताई म्हणायचं म्हणून आपणही तेच म्हणायचो. आपण पाया पडून 'उत्तम क्षमा' म्हटलं की ती विचारायची, 'कशाची?' मग चुकीचं नाव घेऊन सांगायला लागायचं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला त्याची. रोशनबीच्या कोंबडीला दगड मारला त्याची. तू एकदा शहाणपणा करून 'सगळ्याचीच' म्हणालास, तर तिनं तुला हाकललं होतं. 'सगळ्याची म्हंजे कशाचीच न्हाय. जा, आठवून ये.'

मग आता सांग, कशाची? आठवत नसेल तर मी आठवण करून देते.

मिरजेला नर्सिंगला माझा नंबर लागला होता. आप्पा लकवा होऊन खाटेवर पडले होते आणि त्यांना उठवायला-बसवायला घरात एक दणकट माणूस लागत होता. तुझं बी.कॉम. झालं होतं. आप्पांचा लुळा हात हातात घेऊन तूच म्हणालास, 'वर्षभर मी थांबतो. स्नेहल, तू जा.' मी किती रडले होते तेव्हा, आनंदानं. अक्काताईनं पेठेतून माझ्यासाठी निळी बॅग आणली. आणि ज्या दिवशी मी निघायचं त्या दिवशी सकाळी उठून बघते तर माझे सगळे कपडे खाटेवर ओतलेले आणि बॅग गायब. तूही गायब. अक्काताई भाकरी थापत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी एसटीच्या थांब्याकडं पळाली. मी तिच्या मागं. गाडी हलली होती. तू खिडकीत बसला होतास, मांडीवर माझी बॅग. ती ओरडली, 'जातोस तर जा! माघारी बघू नको!'

आणि तू पुण्यात जाऊन त्याचं पुस्तक काढलंस, लेका! त्या शब्दांच्या टोप्या काढल्यास! तू स्टेजवरून 'माघारी' म्हणतोस आणि हजार माणसं 'बघू नको' म्हणून आरोळी ठोकतात. 'माझ्या अडाणी आईनं एसटी स्टँडवर मला तीन शब्द दिले, एक निळी बॅग दिली, आणि मी निघालो.' रडतोस पण काय छान रं.

हे सगळं मी आजवर गिळलं असतं. पण परवा रुचिताच्या ज्युनिअर कॉलेजात तुझा व्हिडिओ दाखवला. पोरगी उड्या मारत घरी आली. 'मम्मी, मामा कसला भारी बोलतो गं!' आणि मग माझ्याकडं बघून एकदम गरिबासारखं तोंड करून विचारलं, 'तू आयुष्यात कधी काय धाडस केलंस का गं?'

तो प्रश्न माझ्या छातीत अजून सलतोय. तुझी क्षमा मी घेतलेली नाही. परत पाठवलेय असं समज.

स्नेहल


११ ऑक्टोबर २०२५

दादा,

पत्राच्या पोचपावतीवर सही तुझी नाही, ऑफिसातल्या कुणाची तरी आहे. म्हणजे तू वाचलंच नाहीस. बरंच झालं. आता मला पाहिजे ते बिनधास्त लिहिता येतंय.

आज तुझा माणूस आला होता, राजवर्धन. बूट चकचकीत, हातात मिठाईचा बॉक्स. सोळा नोव्हेंबरला कोल्हापुरात तुझा मोठा कार्यक्रम आहे आणि त्यात 'आईसाहेबांचा' जाहीर सत्कार करायचा आहे म्हणाला. अक्काताई माझ्या घरी राहते हे त्याला माहीत होतं, मी कोण हे माहीत नव्हतं. मला म्हणाला, 'ताई, तुम्ही केअरटेकर का?'

मी काही बोलायच्या आत अक्काताईच म्हणाली, 'पावणं, ती माझी लेक हाय. च्या घेनार का?' आणि मग चहा पिताना त्याला हळूच विचारलं, 'येळंवर जेवतोय न्हवं त्यो?' मला इतका राग आला तिचा! आप्पा गेले तेव्हा दुबईत भाषण ठोकणाऱ्याच्या जेवणाची हिला काळजी.

राजवर्धननं तिच्यासाठी ओळी लिहून आणल्या होत्या. 'माझ्या मुलाने कधी मागे वळून पाहिले नाही, याचा मला अभिमान आहे.' तेवढंच माइकवर म्हणायचं, मग शाल, नारळ, फोटो. अक्काताईनं कागद उलटा धरून बघितला आणि मला दिला. मी म्हटलं, 'येतो आम्ही. नक्की येतो.' तो खूश होऊन गेला.

दादा, ह्या दिवसाची मी कितीतरी वर्षं वाट बघत होते आणि तू आपण होऊन माइक पाठवून दिलास. तुझ्याच स्टेजवर, तुझ्याच माणसांसमोर, जिनं ते शब्द उच्चारले तिच्याच तोंडून खरं काय ते बाहेर पडेल. रुचिता पहिल्या रांगेत बसेल. तुझं तोंड कसं होतंय ते मला जवळून बघायचं आहे. बास, एवढंच मागणं आहे माझं.

मी काय करते तेही तुला माहीत नसेल. मी बायकांना स्कूटी शिकवते. आमच्या इथल्या मैदानावर रोज सकाळी क्लास असतो. शेजारणीची गाडी चोरून शिकले, दोनदा गुडघे फोडले, मग इतरांना शिकवायला लागले. जिनेंद्र, माझे मिस्टर, आधी हसले, आता स्वतःच्या बहिणीला माझ्याकडं पाठवतात. माझ्याकडं साठीच्या बायका येतात. नवऱ्यानं 'तुला न्हाय जमायचं' म्हणून किल्ली लपवलेल्या येतात. त्यांना मी भाषण देत नाही. पाय टेकू नका आणि वळायच्या आधी आरशात बघा, एवढंच सांगते. क्लासभर माझा एकच आरडाओरडा असतो, 'माघारी बघ की गं! बाई, माघारी बघ, मग वळ!'

बघ, तू लोकांना उलटं शिकवून टोप्या विकतोस आणि मी सुलटं शिकवून घसा बसवून घेते.

स्नेहल


५ नोव्हेंबर २०२५

दादा,

तालीम जोरात चालू आहे. रोज दुपारी मी अक्काताईला समोर बसवते आणि म्हणवून घेते, 'माझा मुलगा बहिणीची बॅग घेऊन पळाला. बापाला दिलेला शब्द मोडला. म्हणून मी तसं म्हटलं.' ती दोन वाक्यं म्हणते आणि तिसऱ्याला शेंगा सोलायला घेते. 'मी काय शाळंतली पोर हाय व्हय पाठ करायला?'

आज मी चिडलेच. म्हटलं, 'तुला त्याची लाज झाकायची आहे का? माझं मिरजेचं गेलं, त्याचं तुला काहीच वाटलं नाही?' तर शेंगा खाली ठेवल्या तिनं.

म्हणाली, 'तुझं गेलं त्ये मला रोज दिसतंय. गाडीवरनं येतीस तवा बी दिसतंय.' मग टरफलं गोळा करत म्हणाली, 'पर मी त्याला बघू नको म्हटलं त्ये बघ म्हणूनच की गं. माणूस रागात तोंडातनं उलटंच बोलतंय. जेवू नको म्हंतो तवा काय जेवू नको असतंय व्हय? मला वाटलं, एवढं टोचून बोलल्यावर तरी खिडकीतनं मान बाहीर काढंल. गाडी वळणावर जाईस्तवर हुबी हुते मी. त्यानं न्हाईच बघितलं.'

दादा, तुला कळतंय का काय झालं ते? कोडोलीत वाढलास, तिच्या हातचं खाल्लंस, आणि तुला तिची भाषा कळली नाही. आमच्यात 'जा आता, तोंड दावू नको' म्हणजे संध्याकाळी लवकर ये, हे शेंबड्या पोराला कळतं. ती तुला हाक मारत होती. तू तिची हाक आज्ञा समजून पाळलीस आणि वर तिची टोपी शिवलीस.

मला वाटलं होतं हे ऐकून माझा राग उतरेल. उलट वाढला. कारण मग मी तिला विचारलं, 'आता तुला नेमकं काय पाहिजे?' तर म्हणाली, 'एकदा माघारी बघू दे त्याला. मग मी मरायला मोकळी.'

माझ्यासाठी तिनं काही मागितलं नाही. तिला तुझी मान वळलेली पाहिजे, एवढंच. मला तुझी मान खाली गेलेली पाहिजे. सोळा तारखेला बघू कुणाचं खरं होतंय.

स्नेहल


१७ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू तिथं होतास, तरी लिहिते. कारण तुझ्या व्हिडिओत यातलं काही ठेवणार नाहीस.

हॉल खच्चून भरला होता. कॉलेजची पोरं, दुकानदार, माझ्या क्लासच्या बायकासुद्धा टोप्या घालून. मी अक्काताईला हाताला धरून वर आणलं आणि मागं पडद्यापाशी उभी राहिले. तुझ्या पाठीमागं, चार पावलांवर. तू बूट काढून अक्काताईच्या पाया पडलास तेव्हा कॅमेरा कुठं आहे ते आधी बघितलंस, मला दिसलं. माझ्याकडं मात्र नजर गेली नाही.

शाल घातली, नारळ दिला, माइक दिला. अक्काताईनं माइक भाकरीच्या पिठासारखा दोन्ही हातांत घट्ट धरला.

'ह्यो म्हंतोय त्ये खरं हाय,' ती म्हणाली. 'मी तसं म्हटलं हुतं. ह्यो बहिणीची ब्याग घिऊन पळून चाललावता म्हणून म्हटलं. बापाला शबुद दिलता त्यो मोडून.'

आता, म्हटलं, आता. आणि हॉल हसला, दादा! खो खो हसला आणि टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. तू तर किती तयारीचा! तिच्या हातातला माइक अलगद काढलास, डोळे ओले केलेस आणि म्हणालास, 'ऐकलंत? आईचं रागावणं हाच खरा आशीर्वाद!' परत टाळ्या. माझी इतक्या वर्षांची आग तू एका वाक्यात गिळलीस आणि ढेकर दिलास. त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं.

पण अक्काताई बसली नाही. तिनं तुझ्या हातातला माइक ओढून घेतला.

'वृषभ, हिकडं ध्यान दे. मीच म्हटलं हुतं, मीच माघारी...'

'बघू नको!' हॉल गरजला.

ती दचकली. तिला कळेना कोण ओरडलं. परत म्हणाली, 'मीच त्ये माघारी...'

'बघू नको!'

'...माघारी घेते म्हणून सांगतीय!' ती त्यांच्यावर खेकसली. मग तुझ्याकडं वळून, अगदी हळू, घरात बोलतात तसं, 'आता बघ बाळा. माघारी बघ. तुझी भन मागं हुबी हाय.'

तुझी मान हलली होती. मी शपथेवर सांगते, मला तुझा कान दिसला, गालाची कड दिसली. आणि तेवढ्यात हॉलनं तिसऱ्यांदा आरोळी ठोकली, 'बघू नको!' तूच शिकवलेली माणसं ती. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत. तुझी मान तिथंच थांबली. मग हसलास, हॉलकडं तोंड केलंस आणि हात जोडलेस.

मला हसू आलं. खरंच आलं. मी काय सूड घेणार होते? तुझ्याच माणसांनी तुझी मान धरून ठेवली.

अक्काताईनं शाल काढून खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र पदरात घेतला, चटणीला होईल म्हणाली. 'चल गं.' रुचिता पुढच्या रांगेत मोबाइल हातात धरून बसली होती, रेकॉर्डिंग करायचं विसरून. तिला मी खुणेनं सांगितलं, रिक्षानं ये. अक्काताईला मागं बसवलं आणि गाडी काढली.

बास. विषय संपला.

स्नेहल


४ जानेवारी २०२६

दादा,

विषय संपला म्हटलं होतं, पण संपला नाही. तुझे फोन येतात. तुझ्या स्वतःच्या नंबरावरून येतात, हे कळतंय मला. मी उचलत नाही. परवा तुझा मेसेज आला, 'स्नेहल, एकदा अक्काताईशी बोलू दे.' मी काय उत्तर पाठवलं ते तू वाचलंच असशील. 'धन्यवाद! आपला दिवस प्रेरणादायी जावो.' ते पाठवताना मला जे गार वाटलं, ते आजवर कशानं वाटलं नव्हतं.

पण मग रुचिता बोलली. आता ती तुझं नाव काढत नाही. कॉलेजातनं आल्या आल्या माझ्याकडं गाडी शिकते. काल मैदानावर ती न बघता वळली आणि मी नेहमीसारखी ओरडले, 'माघारी बघ की गं!' तिनं गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, 'मम्मी, त्या दिवशी मामा तुमच्या मागं पळत आलता. चपला पण नव्हत्या पायात. मी दारात हुते की. तुला आरशात दिसला न्हाय व्हय?'

दादा, दिसलास. हॉलच्या फाटकातून मी गाडी बाहेर काढली तेव्हा उजव्या आरशात तू होतास. कोट अंगावर, पाय अनवाणी, माइकची वायर कमरेला लोंबत होती. राजवर्धन तुझी बाही धरून ओढत होता आणि तू त्याला झटकून पळत होतास. 'अक्काताई' म्हणून हाक मारलीस, तीही ऐकली मी. अक्काताईला वय झाल्यापासून डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि वारा होता.

मी रोज बायकांना सांगते आरशात बघा. मी बघितलं आणि गाडीची मूठ पिळली.

चौकात सिग्नलला थांबले तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून विचारलं, 'आला का गं मागनं?'

मी म्हटलं, 'न्हाय.'

तिनं 'बरं' म्हटलं. हनुवटी खांद्यावरनं काढून घेतली. तेव्हापासून तुझं जेवण झालं का हे ती कुणालाच विचारत नाही. हे तुला कळायला पाहिजे म्हणून लिहिते. तू माझी बॅग नेलीस, मी तुझी वळलेली मान नेली. तिला जे पाहिजे होतं ते तू दिलंस आणि मी ते तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही. फिटलं? मला वाटलं होतं फिटेल.

पुढच्या क्षमावाणीला अक्काताई दारात खुर्ची टाकून बसेल. मी पाया पडून 'उत्तम क्षमा' म्हणेन आणि ती विचारेल, 'कशाची?' मला नाव घेऊन सांगावं लागेल. माझी लेक शेजारी उभी असेल. तिनं विचारलं होतं ना, कधी काय धाडस केलंस का म्हणून. ते तेव्हा करायचं आहे.

त्याच्या आत यायचं असेल तर ये. फोन करून येऊ नको, कॅमेरा आणू नको, राजवर्धनला आणू नको. घरी येण्याआधी मैदानावर ये. सकाळी मी तिथंच असते, पाठमोरी, बायकांवर ओरडत. मागून आलास तर मला आरशात दिसशील. ह्या वेळी थांबेन की नाही, ते मी आत्ता सांगत नाही. तू पळायची तयारी ठेव.

स्नेहल

ता. क. हे पत्र टीमनं फोडलं असेल तर त्यांना सांगते, त्याच्या हातात द्या. आणि दादा, निळी बॅग आण. रिकामी असली तरी चालेल.